साडेआठची पाळी आणि कामिनीची ओटी

आमच्या घरात टीव्ही तीन पाळ्यांत बघितला जायचा.

पहिली पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची, दुसरी संध्याकाळी पाचला आणि तिसरी आठला. प्रत्येक पाळीचा माणूस ठरलेला, त्याच्या मालिका ठरलेल्या, आणि पाळी संपली की वहीत नोंद करून खाली सही. ही सगळी व्यवस्था माझी. कुणी मला ती करायला सांगितली नव्हती. (सांगितली असती तर निदान आज कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.)

मी मूळचा सांगलीचा. बदली होऊन बंगलोरला आलो आणि यशवंतपूरच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात बसलो. कुठल्या मशीनवर कुठल्या दिवशी कुठलं काम चढवायचं, त्याचे तक्ते आखणं हा माझा उद्योग. मशीनं त्या तक्त्याप्रमाणे चालत नसत, पण तक्ते फार देखणे असत. तांबड्या शाईत सुट्ट्या, हिरव्या शाईत दुरुस्त्या. घरी बायको नलिनी आणि दहावीत गेलेली मुलगी मंजिरी. आम्ही राहायचो मल्लेश्वरममध्ये, अक्कांच्या घरात, वरच्या मजल्यावर.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. सत्तरीच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, खाली एकट्याच राहायच्या. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथं उतरलं ते उतरलंच. त्यामुळे आम्ही कालपरवा आलेले पाहुणे, अशी त्यांची कायमची समजूत होती. मला त्या 'अण्णा' म्हणत. मी त्यांच्याहून चांगला पंचवीस वर्षांनी लहान, पण इकडे रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळेच अण्णा, तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

"अण्णा, तुमची मराठी लई पुस्तकातली आहे हो," त्या म्हणायच्या. "स्वल्प सैल सोडा की."

तर, आमच्या गल्लीत केबल आली. तोवर जे लागेल ते आम्ही बघायचो. शेतीचा कार्यक्रम लागला तर शेतीचा. ज्वारीवर पडणारे रोग मला अजून क्रमानं येतात. मग एका शनिवारी मुनिराजू नावाच्या केबलवाल्यानं गच्चीवरून काळी वायर सोडली, आणि दिवेलागणीला आमच्या घरात तीस-बत्तीस चॅनेल झाले.

पहिला आठवडा आनंदात गेला. दुसऱ्या आठवड्यात नलिनीची झोप उडाली.

"अहो," ती म्हणाली, "आपण हे बघतोय, तेव्हा बाकीच्या तीस ठिकाणी काय चाललं असेल?"

"काय चालणार? काहीतरी चालेल."

"तेच म्हणते मी. काहीतरी चालेल, आणि आपल्याला कळणार नाही."

त्या दिवसापासून रिमोट तिच्या हातात आला आणि कुठलाही कार्यक्रम मिनिटापेक्षा जास्त दिसेना. एका चॅनेलवर माणूस पिस्तूल काढायचा, दुसऱ्यावर गोळी लागायची आणि तिसऱ्यावर बाई कांदा परतत असायची. मालिकांची नावं लक्षात राहीनात म्हणून आम्ही आमचीच ठेवली : हवेलीवाली, डॉक्टरवाली, पोलीसवाली, दोन बहिणींची, भुताची. शिवाय एक तमिळ मालिका होती. तिच्यातलं आम्हाला अक्षर कळत नसे, पण नलिनी तिच्यात रोज वेळेवर रडायची.

अखेर मी जेवणाच्या टेबलावर बैठक घेतली.

"हा कपॅसिटीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "मशीन एक आणि जॉब अनेक. सगळ्यांनी सगळं बघायचं नाही. एकानं बघायचं आणि बाकीच्यांसाठी नोंद करून ठेवायची."

"आणि मी काय करायचं?" मंजिरीनं विचारलं.

"तुझी दहावी आहे. तू टीव्ही बघायचा नाही. तू फक्त वही वाचायचीस."

"म्हणजे वाचायला आणखी एक वही," ती म्हणाली आणि उठून गेली.

कारखान्यात पाळी बदलताना जुना माणूस नव्या माणसाला लॉगबुक लिहून देतो, तशीच वही मी आखली. वेळ, घटना, शिल्लक काम, सही. हवेलीवालीचं काम माझ्याकडे होतं. माझी पहिली नोंद अशी होती : 'मोठी सून जिना चढू लागली. शिल्लक : जिना.' दुसऱ्या दिवशी : 'मोठी सून जिना चढत आहे. सासूचा चेहरा तीन वेळा. शिल्लक : अर्धा जिना.' तिसऱ्या दिवशी ती वर पोचली तेव्हा मला इतकं मोकळं वाटलं की मी ती ओळ हिरव्या शाईत लिहिली.

अडचण एकच होती. हवेलीवाली आणि डॉक्टरवाली दोन्ही साडेआठला. डॉक्टरवाली नलिनीची जीव की प्राण. पण खाली अक्कांकडे दुसरं मशीन होतं, आणि अक्का हवेलीवालीच्या भक्त. तेव्हा रोज साडेआठच्या ठोक्याला मी वही-पेन्सिल घेऊन खाली जायचो, अक्का कडबोळ्यांची बशी पुढं ठेवायच्या आणि आम्ही दोघं मिळून जिना चढायचो. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. ऑफिसात मी तो तक्ता चौघांना दाखवला. एकानं तर त्याची नक्कल मागून घेतली.

मग एका संध्याकाळी अक्कांनी बशी पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "अण्णा, एक सांगायचं होतं. दावणगेऱ्याचा माझा पुतण्या आहे न, त्याला इथं काम लागलं. वरची जागा त्याला पाहिजे म्हणतोय. फेब्रुवारीत."

मी वर येऊन हे सांगितलं. नलिनीनं डॉक्टरवाली चालू असताना टीव्ही बंद केला. आमच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ती सरळ खाली गेली.

"अक्का, मार्चअखेर मंजूची परीक्षा आहे. परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड हलवायचं नाही. पोरीनं पेपरच्या आदल्या दिवशी खोक्यांत भूगोल शोधायचा का?"

"सरी, सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "आधी माझं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. डोळा झाला की बघते आणि सांगते."

अक्कांच्या डोळ्याला मोतीबिंदू होता. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की दोन्ही डोळ्यांना विश्रांती पाहिजे आणि महिनाभर टीव्ही बंद. अक्कांचा टीव्ही दोन दारांच्या लाकडी कपाटात होता. त्यांनी दारांना कुलूप घातलं आणि किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली. नुसतं ऐकायलासुद्धा नको म्हणाल्या. आवाज आला की डोळा आपोआप वळतो.

"पण हवेलीचं कळायला पाहिजे, अण्णा," पट्टी बांधलेला डोळा माझ्याकडे करून त्या म्हणाल्या. "तुम्ही बघायचं आणि रोज सहाला येऊन मला सांगायचं. वहीत लिहिता तसं. काही सोडायचं नाही."

वर आल्यावर नलिनीनं मला दारातच गाठलं. "एक भाग चुकवू नका. आपलं घर आता त्या हवेलीवर आहे."

"मग साडेआठला आपल्या टीव्हीवर हवेली लावूया."

"साडेआठला?" ती म्हणाली. "साडेआठला मोठ्या डॉक्टरचं ऑपरेशन धाकटा डॉक्टर करतोय, आणि तो त्याचा हरवलेला मुलगा आहे हे दोघांनाही माहीत नाही. तुम्ही जाहिराती लागल्या की तुमचं बघा."

आता हा तक्त्यातला दोष होता, हे मी त्याच वेळी मान्य करायला हवं होतं. पण तक्ता चुकला असं मी कारखान्यात कधी मान्य केलेलं नव्हतं, मग घरी कशाला पायंडा पाडा? मी जाहिरातींवर समाधान मानलं. लवकरच मला एक शोध लागला. डॉक्टरवालीत जाहिराती लागल्या की हवेलीवालीतही लागतात. इकडे साबण, तर तिकडे चहा. त्या महिन्यात हवेलीत काय घडलं हे मला कळलं नाही, पण कॉलर कशी पांढरी होते हे पुरतं कळलं.

पहिल्या दिवशी मला एकूण नऊ सेकंद हवेली दिसली. त्यात धाकटी सून कामिनी हिनं कपाळाला हात लावला आणि ती जिन्यातच खाली बसली. एवढ्या सामानावर मी दुसऱ्या दिवशी सहाला अक्कांकडे गेलो.

"कामिनीला चक्कर आली," मी सांगितलं.

"अय्यो. मग?"

मग काय झालं होतं देव जाणे. पण पडद्यावर बाईला चक्कर आली की पुढं काय असतं, याचा मला लहानपणापासूनचा अनुभव होता.

"मग डॉक्टर आले. कामिनीला दिवस गेलेत."

अक्का अंथरुणात उठून बसल्या. "पोरगी सुखी झाली बघा," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर कडबोळं ठेवलं.

इथं मी थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण रोज सहा वाजायचे आणि रोज अक्का 'मग?' म्हणायच्या. माझ्याकडे कधी चार सेकंद असायचे, कधी नुसता साबण. शेवटी मला जे येत होतं तेच मी सांगू लागलो. थोरल्या मुलानं हवेलीत हजेरीपट लावला. नोकरांनी ओव्हरटाइम मागितला. सासूनं नकार दिला, तेव्हा स्वयंपाकघरात संप झाला आणि मोठ्या सुनेनं संपकऱ्यांना आतून चहा पोचवला. कामिनीच्या माहेरच्या माणसांची नावं सुचेनात म्हणून मी ते माहेर पुरात बुडवून टाकलं. पोरीला आईबाप राहिले नाहीत. अक्कांनी त्या संध्याकाळी पट्टी ओली होईल म्हणून रडणं आवरलं.

महिना थोडा आणि मजकूर फार, त्यामुळे कामिनीचे दिवसही जरा भरभर गेले.

"परवा तर पाचवा होता न?" अक्का बोटं मोजायच्या.

"मालिकेत वेळ लवकर जातो, अक्का."

"ते पण खरं. पण लई चांगली झाली हो आता. पूर्वी नुसत्या जिना चढायच्या."

खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. वीस वर्षं मी तक्ते आखले, त्यांवर सह्या झाल्या, ते भिंतीवर लागले आणि उतरले. पण कुणी कधी माझ्याकडे मान वळवून 'मग?' असं विचारलं नव्हतं. मी बसमध्ये उद्याचा भाग जुळवू लागलो. वहीत नोंदी लांबल्या. मंजिरी वही वाचून म्हणाली, "बाबा, ही मालिका मराठीच्या पेपरला लावायला पाहिजे," आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी अक्का म्हणाल्या, "शुक्रवारी डोळ्याचं बंधन सुटतंय. साडेआठला टीव्ही उघडायचा. आणि कामिनीला सातवा लागला न? तर मी तिची ओटी भरायची ठरवलं आहे."

मला वाटलं, भुलीच्या इंजेक्शनाचा परिणाम अजून उतरला नसेल.

"टीव्हीतल्या कामिनीची?"

"मग? पोरीला आई नाही, माहेर नाही. त्या हवेलीत कोण करणार तिचं? टीव्हीसमोर पाट मांडते. मी काय ओटी भरत नाही, पण पाच सवाष्णींना सांगितलं आहे फुलवालीकडून. पोरीला कळणार नाही, पण मला तर कळेल की. आणि शनिवारी पुतण्याला जागेचं काय ते लिहून टाकते."

आता दोन दिवसांपूर्वीपासून गल्लीत काय चाललं होतं त्याचा मला उलगडा झाला. फुलवालीनं घरोघर सांगितलं होतं की अक्कांच्या घरातल्याच पोरीची ओटी आहे, सातवा महिना आहे. अक्कांच्या घरात अक्का सोडून दोनच बायकामाणसं. त्यांतली एक दहावीत. तेव्हा गल्लीनं आपापला हिशेब केला. नलिनीचं वय एक्केचाळीस, पण गल्ली दिलदार होती. शेजारच्या विशालाक्षम्मांनी नलिनीच्या हातून पाण्याची बादली काढून घेतली आणि "स्वल्प जपा" म्हणाल्या. नलिनीला वाटलं, हिला माझी कंबरदुखी कळली. कुणी कैऱ्या पाठवल्या. त्यांचं तिनं लोणचं घातलं. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्याच गल्लीत राहायचे. त्यांनी सकाळी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

"अभिनंदन. या वयात म्हणजे कमाल आहे."

मला वाटलं, तक्त्याबद्दल बोलताहेत. "वयाचा काय संबंध?" मी म्हणालो. "सगळं आधी कागदावर नीट आखलं की जमतं."

ते माझ्याकडे फार आदरानं बघत गेले होते.

आता एकच मार्ग उरला होता. अक्कांनी त्या शुक्रवारी हवेली बघता कामा नये. मी मुनिराजूला गाठलं आणि सांगितलं की शुक्रवारी साडेआठच्या आधी आमच्या घरची केबल तोड, रविवारी जोड. माणूस मोठा शब्दाचा पक्का. शुक्रवारी आठ वाजता त्यानं केबल तोडली. वरची. माझ्या नावाची तीच होती.

त्यामुळे नलिनीची डॉक्टरवाली बुडाली आणि तीही कपाळाला आठ्या घालून खाली येऊन बसली. खाली सगळा थाट झाला होता. टीव्हीच्या कपाटासमोर रांगोळी, रांगोळीवर पाट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या. विशालाक्षम्मा आणि चार बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या आणि नलिनीकडे कौतुकानं बघत होत्या. नलिनी त्यांच्याकडे बघून हसत होती, कारण कुणी आपल्याकडे बघून हसलं की ती हसते. अक्का काळा चष्मा लावून मधोमध बसल्या होत्या. त्यांनी तांदळाच्या डब्यातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि टीव्ही लावला.

हवेलीचा दिवाणखाना दिसला. भिंतीवर कामिनीचा भलामोठा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता. खाली समई तेवत होती. सासू डोळ्यांना पदर लावून सांगत होती की धाकटीला जाऊन आज वीस दिवस झाले.

म्हणजे त्या दिवशी जिन्यात आलेली चक्कर वेगळ्या कारणाची होती.

अक्कांनी चष्मा काढला, फोटो बघितला, परत चष्मा लावला.

"अण्णा, हे काय?"

"ही दुसरी कामिनी असेल," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मूर्ख वाक्य आहे, आणि मी बरीच बोललो आहे.

विशालाक्षम्मांनी फोटोकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, नलिनीच्या पोटाकडे बघितलं. "फोटो कुणाचा? ओटी कुणाची?" त्यांनी विचारलं.

नलिनीनं माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून वही वाचता येते. कैऱ्या, बादली, पाट, फोटो, सगळं तिला एका क्षणात कळलं. ती आता मला सगळ्यांसमोर काय बोलणार या भीतीनं मी जमिनीकडे बघू लागलो. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती अक्कांकडे बघत होती. अक्कांच्या मांडीवर नारळ होता आणि त्या तो परत परत पदरानं पुसत होत्या. पाच बायकांना बोलावून मेलेल्या मुलीची ओटी मांडली, तीही टीव्हीतल्या, हे आता उद्या गल्लीभर होणार होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नलिनी उठली. तिनं टीव्ही बंद केला, पाटावर जाऊन बसली आणि पदर पुढं केला.

"भरा," ती म्हणाली. "सवाष्णीची ओटी कधीही भरतात. त्याला काय सातवाच पाहिजे?"

त्या पाच जणी तिच्यासाठीच आल्या होत्या, त्यामुळे त्यांना सगळं आपोआप जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं. एकीनं कुंकू लावलं, एकीनं बांगड्या चढवल्या, विशालाक्षम्मांनी तर डोळे पुसले. अक्का एकटक नलिनीकडे बघत होत्या. आम्ही वर निघालो तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या, "सकाळी खाली या. वही घेऊन या."

सकाळी मी उठलो तेव्हा नलिनीनं माळ्यावरून रिकामी खोकी काढली होती. मंजिरी आतल्या खोलीत मुद्दाम मोठ्यानं भूगोल वाचत होती. मी वही घेऊन खाली गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तक्ता, साबण, नऊ सेकंद, सगळं.

मग अक्का म्हणाल्या, "संप, हजेरी, हे सगळं कुठनं आणलं?"

"कारखान्यातून."

"मला वाटलंच. हवेलीतली माणसं ओव्हरटाइम मागतात काय?" त्यांनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. "एक सांगा अण्णा. ती मेली, ते तुम्ही बघितलं काय?"

"नाही अक्का. तेव्हा जाहिरात बघत होतो."

"मी पण नाही बघितलं. तुम्ही नाही, मी नाही. फोटोला हार काय, कुणी पण घालेल." त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. "पोरगी सातव्यात आहे. बसा. मग?"

मी बसलो.

"आणि जागेचं, अक्का?"

"पुतण्याला लिहिलं मी. वर एक बाई दोन जिवांची आहे, एवढ्यात जागा मिळणार नाही म्हणून."

"अहो, पण नलिनीला काही..."

"मी नलिनीचं नाव लिहिलंच नाही. तुम्ही वर राहता, वही वर असते, म्हणजे पोरगी पण वरच की."

मंजिरी त्याच घरातून दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. त्याच सुमारास कामिनीही सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. (नलिनी माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती, पण बाळाचं नाव तिनंच ठेवलं.) गल्लीत मात्र पुढं वर्षभर लोक नलिनीला बाळ कुठं आहे म्हणून विचारायचे आणि ती नुसतं माझ्याकडे बोट दाखवायची.

तीस चॅनेलांचे पुढं साठ झाले. मला त्यांतलं एकही नीट बघता आलेलं नाही, कारण रोज सहाला मी खाली असतो आणि बाकी वेळ उद्या सहाला काय सांगायचं या काळजीत असतो. एका पावसाळ्यात तर काहीच सुचेना. तेव्हा मी सरळ 'पंधरा वर्षांनंतर' असं म्हणून टाकलं आणि कामिनीचा मुलगा एका संध्याकाळीत हायस्कुलात गेला.

नंतर आम्ही बंगलोरच्याच दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला आमच्या दोन खोल्या बांधल्या. पेढे घेऊन मी खाली गेलो आणि अक्कांना सांगितलं की आता आम्ही आमच्या घरी जाऊ म्हणतो. अक्कांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"आता?" त्या म्हणाल्या. "यंदा कामिनीच्या पोराची दहावी आहे, अण्णा. परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड हलवायचं नाही."

नलिनी मागे दारात उभी होती. वर जाऊन तिनं सामान भरायला काढलेली खोकी परत माळ्यावर टाकली.

एचएसआरच्या घराला अजून कुलूप आहे. अक्का आता पंचाहत्तरीच्या पुढं गेल्या आहेत, आणि सहाला दोन मिनिटं उशीर झाला तरी जिन्याशी येऊन उभ्या राहतात. पोराचा निकाल तसा माझ्याच हातात आहे, पास करायला मला एक ओळ पुरे. पण गेली दोन वर्षं तो गणितात नापास होतोय, आणि वहीत त्याखाली सही माझीच आहे.